गोल्फचे आजोबा : टॉम मॉरिस



परवा चौथीतल्या एका मुलाने विचारलं, बाई, गोल्फ खेळून एवढे पैसे मिळतात का हो? त्याला उत्तर देता देता टॉम मॉरिस आठवले. वर्गात सांगायला उपयोगी पडेल म्हणून इथे लिहीत आहे.

टॉम मॉरिस यांचा जन्म १६ जून १८२१ रोजी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या गावी एका विणकराच्या घरी झाला. लहान वयातच ते अॅलन रॉबर्टसन या खेळाडूकडे चेंडू बनवायला शिकू लागले. चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून भरायची आणि शिवायची! दिवसभरात जेमतेम तीन-चार चेंडू होत. पुढे गटापर्चाचा स्वस्त चेंडू आला. त्यावरून गुरु-शिष्यात बिनसलं आणि टॉम प्रेस्टविकला गेले. तिथलं १२ होलचं मैदान त्यांनीच आखलं.

याच मैदानावर १७ ऑक्टोबर १८६० रोजी पहिली ओपन स्पर्धा झाली. खेळाडू फक्त ८. मैदानाच्या तीन फेऱ्या, म्हणजे ३६ होल, एकाच दिवसात संपवायचे. ज्याला कमी फटके लागतील तो विजेता. विली पार्क यांना १७४ फटके लागले, टॉम यांना १७६. बक्षीस काय, तर लाल चामड्याचा एक पट्टा. पैसे नाहीतच. उलट पट्टा नीट परत यावा म्हणून विजेत्याकडून हमी घेत. आपल्या क्रीडा स्पर्धांतला फिरता चषकच म्हणा ना.

टॉम यांनी १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ साली ही स्पर्धा जिंकली. १८६४ मध्ये त्यांना ६ पौंड मिळाले. त्याच स्पर्धेत २०२४ च्या विजेत्याला ३१ लाख डॉलर मिळाले, आणि आता ती चार दिवस चालते. टॉम मात्र मैदानाची निगा राखून आणि चेंडू-काठ्या विकून घर चालवत.

त्यांचा मुलगाही टॉमच. १८६८ साली १७ वर्षांचा हा पोरगा पहिला आला आणि वडील दुसरे! पुढची दोन वर्षेही तोच जिंकला. सलग तीनदा जिंकल्याने नियमाप्रमाणे पट्टा त्याचा झाला, आणि १८७१ मध्ये द्यायला पट्टाच नाही म्हणून स्पर्धाच झाली नाही. नंतर चांदीचा जग आला.

सप्टेंबर १८७५ मध्ये बापलेक नॉर्थ बेरिक येथे पैजेचा सामना खेळत होते. सामना संपत आला असताना तार आली, सुनेचं बाळंतपण अडलं आहे. दोघे बोटीने निघाले. घरी पोहोचेपर्यंत बाळ-बाळंतीण दोघेही गेले होते. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी मुलगाही गेला, वय अवघं २४. हे सांगताना वर्ग एकदम गप्प झाला.

वडील खेळत राहिले. १८९५ पर्यंत ते ओपनमध्ये उतरत होते. २४ मे १९०८ रोजी क्लबमधल्या जिन्यावरून पडून त्यांचं निधन झालं. सेंट अँड्र्यूजमध्ये मुलाजवळच त्यांना पुरलं आहे.