हातांचं सोवळं

माझ्या आजीचं सोवळं फार कडक. मी पुण्यात नर्सिंगला जाणार म्हटल्यावर तिने आठ दिवस अबोला धरला. परक्यांची घाण काढायची, हे कसलं काम! तेव्हा वडिलांनी तिला रमाबाई रानड्यांची गोष्ट सांगितली.

रमाबाई सांगलीकडच्या देवराष्ट्रे गावातल्या कुर्लेकरांच्या. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी महादेव गोविंद रानड्यांशी त्यांचं लग्न झालं. तेव्हा अक्षरओळखही नव्हती. नवऱ्याने पाटी हातात दिली आणि घरातल्या बायकांनी टोमण्यांनी जीव नकोसा केला. तरी त्या मराठी शिकल्या, इंग्रजीही शिकल्या. १९०१ मध्ये रानडे गेले. त्या काळी विधवेने कोपऱ्यात बसायचं. रमाबाईंनी मात्र १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं आणि ससून हॉस्पिटलच्या मदतीने बायकांना नर्सिंगचं शिक्षणही दिलं. परक्याला शिवलं की विटाळ मानणाऱ्या घरांतल्या विधवा रोग्याच्या खाटेशी उभ्या राहिल्या. लोकांनी नावं ठेवली, रमाबाई डगमगल्या नाहीत. १९२४ मध्ये त्या गेल्या, पण वाट पडली होती.

त्याच वाटेने मी गेले. पहिल्या वर्षी एकदा वॉर्डात खूप घाई होती. एकीचं ड्रेसिंग आटोपून मी तशीच शेजारच्या बाळंतिणीला सलाईन लावायला वळले. सिस्टरनी माझं मनगट धरलं आणि मला बेसिनपाशी नेलं. तेव्हा उमगलं, आजी हात धुते ते स्वतःला विटाळ होऊ नये म्हणून, शिवून झाल्यावर. नर्सने धुवायचे ते पेशंटला आपला विटाळ होऊ नये म्हणून, शिवायच्या आधीसुद्धा!

अंगठी, बांगड्या, घड्याळ काढायचं. साबणाने तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं चोळायची. धुऊन पुसेपर्यंत ४० ते ६० सेकंद लागतात. हात मळलेले नसतील तर हँडरब चालतं, २० ते ३० सेकंद, वाळेपर्यंत चोळून. ग्लोव्ह्ज घालायचे असले तरी आधी हात स्वच्छ हवेतच.

मैत्रिणींनो, दवाखान्यात आपलं माणूस असेल तर सिस्टरना हात धुतलेत ना, असं विचारायला लाजू नका. चांगली सिस्टर रागवत नाही.

शेवटच्या आजारात आजी माझ्याच हातून इंजेक्शन घ्यायची. आधी मी बेसिनपाशी जाते की नाही, हे मात्र डोळे किलकिले करून बघायची!