गाईंचे कोडे आणि र. धों. कर्वे

चौदाव्या शतकातील गणिती नारायण पंडित यांनी १३५६ साली पूर्ण केलेल्या ‘गणितकौमुदी’ या ग्रंथात एक कोडे घातले आहे. एक गाय दरवर्षी एका कालवडीला जन्म देते. प्रत्येक कालवड चौथ्या वर्षापासून स्वतः दरवर्षी विऊ लागते. तर वीस वर्षांनंतर लहानमोठ्या मिळून गाई किती? कागदावर आकडे मांडत गेल्यास दहाव्या वर्षी साठ गाई होतात. फसगत होते ती याच ठिकाणी. दहा वर्षांत साठ, मग वीस वर्षांत एकशेवीस, फार तर दोनशे, असे मन सांगू लागते. प्रत्यक्ष उत्तर आहे २,७४५. पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजेच फिबोनाचीने, १२०२ साली सशांच्या जोडीचे असेच कोडे घातले होते. त्यातही एका जोडीच्या वर्षअखेर ३७७ जोड्या होतात. वाढ सुरुवातीला दिसत नाही आणि दिसू लागते तेव्हा आवरत नाही, ही या कोड्यांतली मेख.

परंतु दोन्ही कोड्यांत काही गोष्टी गुपचूप गृहीत धरलेल्या आहेत. कोणी मरत नाही. कोणाचा गर्भ वाया जात नाही. आणि पुन्हा विण्याची इच्छा आहे का, हे गाईला किंवा सशिणीला कोणी विचारत नाही. गणिताच्या एका मराठी प्राध्यापकाने आपले सारे आयुष्य या शेवटच्या गृहीतकाशी झगडण्यात घालवले. त्यांचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरुड येथे झाला. वडील धोंडो केशव कर्वे हेही गणिताचेच शिक्षक. महर्षी म्हणून सारा देश त्यांना ओळखू लागला तो पुढे. आई राधाबाई १८९१ मध्ये बाळंतपणात गेल्या. त्या वेळी रघुनाथ नऊ वर्षांचा होता. या मृत्यूचा आणि त्याच्या पुढील कार्याचा थेट संबंध जोडण्याचा मोह चरित्रकारांना होणे स्वाभाविक आहे. तो आवरलेलाच बरा. पण आई प्रसूतीत दगावणे ही त्या काळी अपवादात्मक घटना नव्हती, एवढे मात्र त्या मुलाने घरातच पाहिले होते. दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडोपंतांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या एका विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरुडकरांनी कुटुंबाला वाळीत टाकले. समाजाच्या विरोधात उभे राहिल्यास काय किंमत मोजावी लागते, याचा पहिला धडा रघुनाथाला अकराव्या वर्षी मिळाला.

विद्यार्थी म्हणून ते अत्यंत हुशार होते. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. फर्ग्युसन महाविद्यालयातून ते पदवीधर झाले आणि गणिताच्या उच्च शिक्षणासाठी पॅरिसलाही गेले. फ्रेंच भाषेवर त्यांचे उत्तम प्रभुत्व होते. युरोपात तेव्हा संततिनियमनावर उघड चर्चा होत होती; ते सारे वाङ्मय त्यांनी मुळातून वाचले. गिरगाव चौपाटीजवळच्या विल्सन महाविद्यालयात ते गणित शिकवू लागले. एखादा सरळमार्गी माणूस तेथेच स्थिरावला असता आणि यथाकाल सन्मानाने निवृत्त झाला असता.

१९२१ मध्ये रघुनाथरावांनी मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील प्रसिद्ध केंद्रही त्याच वर्षीचे. मात्र हे वर्ष आणखी एका कारणाने ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या जनगणनेत भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटलेली आढळली. आजच्या सीमांमध्ये मोजल्यास १९११ मध्ये ती सुमारे २५ कोटी २० लाख होती, ती दहा वर्षांनी २५ कोटी १० लाखांवर आली. १९१८ च्या एन्फ्लुएंझाने लक्षावधी माणसे नेली होती. अशा वेळी जन्म कमी करा, असे सांगणारा मनुष्य लोकांना विक्षिप्त वाटला असेल तर नवल नाही. कोड्यातील गाई अजून साठावरही पोहोचल्या नव्हत्या. पुढील तीस वर्षांत हा आकडा ३६ कोटींवर गेला आणि २०११ मध्ये १२१ कोटींवर.

मुंबईच्या वाढीकडे पाहतानाही हे कोडे सरसकट लावता येत नाही. विक्रोळीचेच उदाहरण घ्या. रघुनाथराव मुंबईत वावरत होते त्या काळात विक्रोळी हे ठाण्याच्या खाडीकाठचे, तिवरांच्या आणि मिठागरांच्या शेजारचे गाव होते. १९४३ मध्ये पिरोजशा गोदरेज यांनी तेथील जमीन घेतली, कारखाने आले, १९५१ मध्ये पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या तेथे घडल्या. नंतर कन्नमवारनगर उभे राहिले, पार्कसाइटची टेकडी झोपड्यांनी भरली. ही गर्दी पाळण्यांतून आलेली नाही. ती मुख्यतः रोजगाराच्या शोधात गाव सोडून आलेल्यांची आहे. नारायण पंडितांच्या गोठ्याला दार नव्हते, विक्रोळीला रेल्वेस्थानक आहे.

रघुनाथरावांचा मुख्य युक्तिवादही डोकी मोजण्याचा नव्हता. वाढत्या संख्येची भीती त्यांनी घातली नाही असे नाही. गणिताचा प्राध्यापक भूमितीश्रेढी विसरेल कसा? पण त्यांच्या लेखनाचा गाभा स्त्री हा होता. मूल हवे की नको, केव्हा हवे, हे तिने ठरवावे आणि कामसुखावर पुरुषाइतकाच तिचाही हक्क मानावा, असे ते स्पष्टपणे लिहीत. माल्थसने संयमाचा मार्ग सुचवला होता. महात्मा गांधींनाही कृत्रिम साधने मान्य नव्हती. १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्ध्याला त्यांना भेटल्या तेव्हाही त्यांचा कौल ब्रह्मचर्याच्याच बाजूने होता. रघुनाथरावांना हा उपाय अव्यवहार्य वाटे. शिवाय संयम पाळायचा की नाही, हे शेवटी नवराच ठरवणार, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

त्यांचा संसारही याच विचारावर उभा होता. त्यांनी आणि पत्नी मालतीबाईंनी मूल न होऊ देण्याचा निर्णय घेतला आणि तो पाळला. मालतीबाईंनी या कामात त्यांना जी साथ दिली, तिची नोंद मात्र फारच त्रोटक घेतली गेली. अमोल पालेकर यांच्या ‘ध्यासपर्व’ (२००१) या चित्रपटाने ती उणीव काही अंशी भरून काढली.

१९२३ मध्ये ‘संततिनियमन’ हे त्यांचे पुस्तक आले. या विषयावर ते जाहीरपणे बोलू लागताच महाविद्यालयाच्या मिशनरी चालकांनी त्यांना राजीनामा द्यायला लावला. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि जवळजवळ एकट्याच्या बळावर सव्वीस वर्षे चालवले. पैशाची चणचण कायमची होती. मासिकात वाचकांच्या खासगी शंकांना ते थेट, कोरड्या, वैद्यकीय भाषेत उत्तरे देत. शंका विचारणारे बहुतांशी सुशिक्षित मध्यमवर्गीय पुरुष होते, आणि ही त्या चळवळीची मर्यादाच म्हणावी लागेल. ज्या स्त्रीसाठी हा खटाटोप होता तिच्या हाती अंक क्वचितच पडत असेल. त्यांची लेखणीही तडजोड जाणत नसे. प्रतिपक्षाची टर उडवताना जोडता आली असती अशी माणसेही त्यांनी दुखावली.

सनातन्यांनी त्यांना न्यायालयात खेचले. १९३१ मध्ये अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांना दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला उभा राहिला, तो वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून. या वेळी त्यांची बाजू मांडण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोकांनी लैंगिक प्रश्न विचारले आणि जाणकाराने ज्ञान देण्यासाठी उत्तरे दिली, तर त्यात अश्लील काय, हा बाबासाहेबांचा सवाल होता. न्यायालयाला तो पटला नाही. पुन्हा दंड झाला. पण बाबासाहेबांच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला. तोही फेटाळला गेला.

सरकारचे मत बदलले ते स्वातंत्र्यानंतर. पहिल्या पंचवार्षिक योजनेने कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम म्हणून स्वीकारला आणि नोव्हेंबर १९५२ मध्ये या विषयावरील आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईतच भरली. मात्र सरकारने उचलला तो आकडा; स्त्रीच्या इच्छेचा मुद्दा मागेच राहिला. त्याचे टोक आणीबाणीत दिसले. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही, पण ज्या राज्यात रघुनाथरावांनी स्वेच्छेचा पाठ दिला तेथेच हे घडावे, ही गोष्ट बोचते. सक्तीने जे साधले नाही ते मुलींच्या शिक्षणाने, उशिरा होणाऱ्या विवाहांनी आणि सहज मिळणाऱ्या साधनांनी बरेचसे साधले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात दर स्त्रीमागे सरासरी दोन अपत्ये आहेत, महाराष्ट्रात १.७.

यातले बरेचसे पाहायला रघुनाथराव नव्हते. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. वडील महर्षी कर्वे तेव्हा पंचाण्णव वर्षांचे होते. त्यांना भारतरत्न मिळायला अजून पाच वर्षे होती. ‘समाजस्वास्थ्य’चा अखेरचा अंक त्याच वर्षी नोव्हेंबरात निघाला.