सागरी सहलीचे जनक अल्बर्ट बालिन

हिवाळ्यात धक्क्याला उभ्या राहणाऱ्या बोटींचा तोटा भरून काढण्यासाठी हॅम्बर्गच्या एका व्यापाऱ्याने १८९१ मध्ये धाडस केले. क्रूझ पर्यटनाचा आजचा व्यवसाय त्यातूनच उभा राहिला.

दिवाळीच्या वा नाताळच्या सुटीत क्रूझने जाण्याची कल्पना मुंबई-पुण्यातील कुटुंबांना आता नवी राहिलेली नाही. सिंगापूरहून निघणारी तीन-चार रात्रींची सफर असो, भूमध्य समुद्रातील आठवडाभराचा प्रवास असो की मुंबई-गोवा फेरी, त्यामागचे सूत्र एकच असते. बोट हे केवळ पोहोचण्याचे साधन नसून तेच मुक्कामाचे ठिकाण असते. भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटीने गावी जाणाऱ्या पिढीला हे सूत्र चमत्कारिक वाटले असते. त्यांच्या लेखी बोट ही गरज होती, सहल नव्हे. एकोणिसाव्या शतकातील युरोपातही परिस्थिती फारशी निराळी नव्हती. ती पालटण्यात ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, ते अल्बर्ट बालिन स्वतः मात्र निर्वासितांच्या आणि स्थलांतरितांच्या बोटींवर व्यवसाय शिकले होते.

बंदरावरचे बालपण

बालिन यांचा जन्म १५ ऑगस्ट १८५७ रोजी हॅम्बर्गमध्ये एका साधारण स्थितीतील ज्यू कुटुंबात झाला. वडील अमेरिकेत जाऊ इच्छिणाऱ्यांना बोटीची तिकिटे मिळवून देणाऱ्या एका छोट्या संस्थेचे भागीदार होते. १८७४ मध्ये वडील वारले आणि अवघ्या सतराव्या वर्षी अल्बर्ट यांच्यावर या व्यवसायाची जबाबदारी येऊन पडली. मोठे भांडवल नाही, विद्यापीठाची पदवी नाही, घराण्याचे वजन नाही. जमेला होते ते एवढेच की, बोटीत पाऊल ठेवणाऱ्या माणसाला काय हवे असते, हे त्यांना पक्के ठाऊक झाले होते.

१८८१ मध्ये त्यांनी एडवर्ड कार या जहाजमालकाशी करार केला. कार यांच्या मालवाहू बोटींवर स्थलांतरितांची सोय करण्यात आली. या बोटींवर वरच्या वर्गाचे प्रवासी नसल्यामुळे गरीब प्रवाशांनाही मोकळ्या डेकवर वावरता येई. तिकीटही स्वस्त होते. हॅम्बर्गमधील बलाढ्य हापाग कंपनीला ही स्पर्धा जड जाऊ लागली. अखेर १८८६ मध्ये तडजोड झाली आणि हापागने बालिन यांनाच आपल्या प्रवासी विभागाचे प्रमुख नेमले. दोन वर्षांत ते संचालक मंडळावर गेले आणि १८९९ मध्ये कंपनीचे महासंचालक झाले.

रिकाम्या हिवाळ्याचा हिशेब

बालिन यांच्या आग्रहावरून हापागने दोन पंख्यांची वेगवान प्रवासी जहाजे बांधून घेतली. एक यंत्र बंद पडले तरी दुसऱ्यावर जहाज चालू राहत असल्याने ती अधिक सुरक्षित मानली जात. त्यांपैकी ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या मार्गावर दाखल झाली. अडचण होती ती हिवाळ्याची. उत्तर अटलांटिकमधील वादळे आणि थंडी यांमुळे त्या दिवसांत श्रीमंत प्रवासी बोटीकडे फिरकत नसत. गुंतवलेले भांडवल, कर्मचारी आणि देखभालीचा खर्च मात्र थांबत नसे.

बालिन यांनी यावर काढलेला तोडगा सहकाऱ्यांना वेडेपणाचा वाटला. बोट रिकामी ठेवण्याऐवजी ती उबदार भूमध्य समुद्रात सहलीसाठी न्यायची, असा तो तोडगा होता. समुद्रसहलीची कल्पना अगदीच नवी होती, असे नाही. १८४४ पासून पी अँड ओ कंपनीच्या बोटींतून हौशी प्रवासी भूमध्य समुद्र पाहू लागले होते आणि १८६७ मध्ये मार्क ट्वेन ‘क्वेकर सिटी’ या बोटीने पूर्वेकडे जाऊन आले होते. परंतु अटलांटिकवरील अत्याधुनिक जहाज केवळ सहलीसाठी वापरणे, त्यातील सर्व सेवा सहलीला अनुरूप करणे आणि दरवर्षी हे नेमाने करत राहणे, ही बालिन यांची देणगी होती.

२२ जानेवारी १८९१ रोजी ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ २४१ प्रवाशांना घेऊन कुक्सहाफेन बंदरातून निघाली. स्वतः बालिन आणि त्यांच्या पत्नी मारियान्नही बोटीवर होते. जवळपास दोन महिन्यांनी, मार्चमध्ये, बोट परतली तेव्हा सहल यशस्वी झाल्याबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नव्हती.

पहिल्या सफरीचे धडे

त्या सफरीची आखणी आजच्या प्रवाशानेही डोळ्यांखालून घालावी अशी आहे. अलेक्झांड्रियाहून कैरो, याफाहून जेरुसलेम आणि बैरुतहून दमास्कस अशा जमिनीवरील सहली तिच्यात गुंफलेल्या होत्या. बंदर आणि प्रेक्षणीय शहर यांत अंतर असते, हे बालिन यांनी गृहीत धरले होते. क्रूझच्या जाहिरातीत आज रोम असे लिहिलेले असले, तरी बोट लागते ती तेथून सुमारे सत्तर किलोमीटरवरील चिव्हिताव्हेक्किया बंदरात. त्यामुळे बंदराचे नेमके नाव, बोट तेथे किती तास थांबणार आणि शहरात जाण्या-येण्यास किती वेळ लागणार, हे पाहूनच सफर निवडावी. स्वतंत्रपणे फिरायला गेलेल्यांसाठी बोट सहसा थांबत नाही. कंपनीच्या सहलीस गेलेल्यांची मात्र वाट पाहिली जाते. म्हणून दूरचे ठिकाण कंपनीच्या सहलीतून पाहावे आणि बंदरालगतचे शहर आपल्या पायांनी.

दुसरा धडा हंगामाचा. बालिन यांनी हिवाळ्यात दक्षिणेकडे आणि पुढे उन्हाळ्यात नॉर्वेच्या किनाऱ्याकडे बोटी पाठवल्या. जगभरातील क्रूझ कंपन्या आजही याच रीतीने जहाजांचे मार्ग बदलतात. कोकणच्या बोटी पावसाळ्यात बंद असत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील सहलीही त्यामुळे पावसाळा टाळूनच ठरवाव्यात.

तिसरा धडा सोयींचा. बालिन प्रत्येक प्रवासात वही बाळगत आणि जेवणापासून उशीपर्यंतच्या उणिवा टिपून ठेवत. जो आराम त्यांनी इतक्या बारकाईने पाहिला, तो प्रवाशानेही तिकीट काढतानाच पाहावा. ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावरील, जहाजाच्या मध्यभागातील खोली घ्यावी. तेथे हेलकावे कमी जाणवतात. उतरण्याच्या प्रत्येक देशाचा व्हिसा आधी तपासावा. एकाच सफरीत शेंगेन क्षेत्राबाहेर जाऊन पुन्हा आत येणे असेल, तर अनेक वेळा प्रवेशाची मुभा देणारा व्हिसा लागतो.

वैभव आणि अपघात

१९०० मध्ये हापागने ‘प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईझ’ हे खास सहलींसाठी बांधलेले जहाज पाण्यात सोडले. जगातील पहिले समर्पित क्रूझ जहाज म्हणून ते ओळखले जाते. त्यात केवळ प्रथम वर्गाच्या खोल्या होत्या. ग्रंथालय, व्यायामशाळा, इतकेच नव्हे तर हौशी छायाचित्रकारांसाठी डार्करूमही होती. डिसेंबर १९०६ मध्ये जमैकाच्या किनाऱ्याजवळ ते खडकावर आदळले. प्रवासी बचावले, कप्तानाने मात्र आत्महत्या केली. कंपनीने सहली थांबवल्या नाहीत.

या ऐषारामाचा पाया स्थलांतरितांच्या तिकिटांवर उभा होता, याचा बालिन यांना विसर पडला नाही. १८९२ मध्ये हॅम्बर्गमध्ये पटकीच्या साथीने ८ हजारांहून अधिक बळी घेतले आणि रशियातून येणाऱ्या स्थलांतरितांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. १९०१ मध्ये हापागने फेडेल येथे त्यांच्यासाठी वसाहत उघडली. तेथे वैद्यकीय तपासणी, निवास, प्रार्थनास्थळे आणि ज्यूंसाठी कोशर स्वयंपाकघर अशी व्यवस्था होती. त्यात व्यवसायाचे हित होते, हे खरे. पण हजारो कुटुंबांना स्वच्छ अंथरूण मिळाले, हेही तितकेच खरे.

युद्ध टळले नाही

पहिल्या महायुद्धापूर्वी हापाग ही जगातील सर्वांत मोठी जहाज कंपनी झाली होती. १९१३ मध्ये सेवेत आलेले तिचे ५२ हजार टनांचे ‘इम्पेराटोर’ हे त्या वेळचे जगातील सर्वांत मोठे जहाज होते. सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा बालिन यांच्या घरी येत असे. तरीही धर्म न बदललेल्या या ज्यू व्यापाऱ्याला दरबारी वर्तुळाने आपले कधीच मानले नाही.

जर्मन आरमाराच्या वाढीला त्यांनीही आरंभी पाठिंबा दिला होता. मात्र ब्रिटनशी चाललेली स्पर्धा युद्धाकडे नेणार, हे ध्यानात येताच त्यांनी लंडनमधील बँकर अर्नेस्ट कॅसल यांच्यासोबत समेटाचे प्रयत्न सुरू केले. त्यातूनच १९१२ मध्ये ब्रिटिश युद्धमंत्री हॉल्डेन बर्लिनला आले. बोलणी फिसकटली. जुलै १९१४ मध्ये बालिन पुन्हा लंडनला जाऊन आले. त्यानंतर काही दिवसांतच युद्धाला तोंड फुटले.

चार वर्षांत त्यांच्या आयुष्यभराच्या कामाची वाताहत झाली. काही जहाजे परदेशी बंदरांत अडकली, काही जप्त झाली. नोव्हेंबर १९१८ मध्ये हॅम्बर्ग क्रांतिकारकांच्या ताब्यात गेले. ९ नोव्हेंबरला बर्लिनमध्ये सम्राटाच्या पदत्यागाची घोषणा झाली आणि त्याच दिवशी झोपेच्या औषधाचा अतिरेक होऊन बालिन यांचा मृत्यू झाला. तो हेतुपुरस्सर होता की नाही, याविषयी मतभेद आहेत. ‘इम्पेराटोर’ पुढे ब्रिटनच्या कुनार्ड कंपनीकडे गेले.

१९२३ मध्ये सेवेत आलेल्या एका नव्या जहाजाला हापागने बालिन यांचे नाव दिले. १९३५ मध्ये नाझी राजवटीत ते पुसून त्या जहाजाला ‘हान्सा’ म्हटले गेले. १९४७ मध्ये हॅम्बर्गने आपल्या एका प्रमुख रस्त्याला त्यांचे नाव दिले. फेडेलच्या वसाहतीच्या जागी २००७ पासून ‘बालिनस्टाट’ हे स्थलांतरितांचे संग्रहालय आहे. उत्तर युरोपच्या सफरीत हॅम्बर्गला बोट थांबणार असेल, तर अर्धा दिवस त्यासाठी जरूर राखून ठेवावा.