सपाट फळीत खोली दाखविणारा कारागीर

माझ्या धाकटीने चित्रकलेच्या परीक्षेसाठी आमच्या चाळीची गॅलरी काढली होती. तीत दूरचे खांब आखूड दिसले, म्हणून मी तिला रागावले. सगळे खांब सारखे असताना चित्रात लहानमोठे कसे? तिने मला जिन्यापाशी उभे केले, एक डोळा मिटायला लावला आणि हातात पट्टी दिली. पट्टी समोर धरून मोजले, तो शेवटचा खांब पहिल्याच्या निम्मासुद्धा भरेना! मी ओशाळले. मग हा नियम ज्याने बसविला त्याची माहिती मुलांकडून मिळवून वाचली. तीच आज भगिनींपुढे ठेवते.

फिलिप्पो ब्रुनेलेस्की हा इटलीतील फ्लॉरेन्स शहरी 1377 साली जन्मला. वडील नोटरी होते, पण मुलगा सोनारकाम शिकला. 1401 साली तेथील बाप्तिस्मा-मंदिराच्या काशाच्या दरवाजासाठी स्पर्धा झाली. सात कारागिरांत याचा नमुना फार नावाजला गेला. पण काम मिळाले गिबेर्ती या दुसऱ्या तरुणाला. एखादा खचून गेला असता. फिलिप्पो रोमला गेला आणि जुन्या पडक्या इमारती मोजीत राहिला.

दूरचे लहान काढावे, एवढे जुन्या चित्रकारांनाही ठाऊक होते. पण किती लहान, याचा हिशेब नव्हता. तो फिलिप्पोने बसविला. आपल्यापासून दूर जाणाऱ्या समांतर रेषा चित्रात एकाच बिंदूकडे धावतात. जमीन सपाट असली, की तो बिंदू पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो. फरशीच्या रेषा वर चढतात, छताच्या खाली उतरतात, आणि सपाट कागदाला खोली येते. याला यथादर्शन म्हणतात.

लोकांना पटावे म्हणून त्याने मोठी गमतीची युक्ती केली. फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चच्या दारात उभे राहून समोरचे तेच बाप्तिस्मा-मंदिर त्याने एक फुटाहून लहान फळीवर रंगविले. आकाशाच्या जागी घासून लखलखीत केलेली चांदी बसविली. फळीला मसुराच्या दाण्याएवढे भोक पाडले. पाहणाऱ्याने मागून त्या भोकाला डोळा लावायचा आणि दुसऱ्या हाताने समोर आरसा धरायचा. आरशात चित्र दिसे, चांदीत खरे ढग सरकत, आणि समोर खरेच मंदिर उभे आहे असे वाटे. भोकामुळे डोळा एकच आणि एकाच जागी राही. सगळी किमया त्यातच होती. ती फळी आज उरलेली नाही. पण ती स्वतः हाती धरून पाहिलेल्या मानेत्ती नावाच्या चरित्रकाराने हे लिहून ठेवले आहे.

त्याचा तरुण मित्र मासाच्चो याने 1427 च्या सुमारास एका चर्चच्या भिंतीवर असे चित्र काढले, की भिंत फोडून आत कमानदार दालन बांधले आहे असा भास व्हावा. 1435 साली आल्बेर्ती या विद्वानाने हे नियम ग्रंथात मांडले, आणि ते पुढे युरोपभर पसरले.

फिलिप्पोने एवढ्यावरच हात आखडला नाही. 1419 साली त्याच्या आराखड्यावरून टाकलेल्या मुलांसाठी अनाथालयाचे बांधकाम सुरू झाले. त्या ओसरीच्या कमानी आजही पाहायला मिळतात. मुख्य चर्चवर सुमारे 45 मीटर रुंदीचा घुमट बांधायचा होता. जमिनीपासून लाकडी आधार उभारणे शक्य नव्हते. 1420 ते 1436 अशी सोळा वर्षे खपून त्याने तो आधाराशिवाय पुरा केला.

त्याने लग्न केले नाही. एक मुलगा सांभाळला, त्याला आपली विद्या दिली. 1446 साली तो वारला. त्याच घुमटाच्या चर्चमध्ये त्याला पुरले. तेथील त्याचा अर्धपुतळा त्या मुलानेच घडविला.

मुलीचे चित्र मी आता भिंतीवर लावले आहे. येताजाता त्या आखूड खांबाकडे लक्ष जाते आणि वाटते, लांबचे लहान दिसते, पण म्हणून ते लहान नसते. तरुणपणीच्या एका हारीने फिलिप्पोचे आयुष्य संपले, असे तेव्हा कोणाला वाटलेही असेल. ती हार आज किती लहान दिसते!