पेडण्याचे लाड

गेल्या आठवड्यात माझ्याकडे तबला शिकणारा एक मुलगा शिकवणी संपल्यावरही घुटमळत राहिला. त्याची बारावी झाली आहे. आजोबांचे म्हणणे, घराण्याची रीत शिपाईगिरीची, तेव्हा त्याने फौजेत जावे. आईला वाटते, आधी कॉलेज पुरे करावे. आपल्या लष्करात हा प्रश्न नवा नाही. १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीभोवती हे शहर वसले. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज कमरेला तलवार बांधूनच इकडे आले. मी मत दिले नाही. गोव्याच्या पेडणे महालातल्या एका मुलाची हकीकत मात्र त्याला सांगितली.

पेडणे आणि डिचोली हा मुलूख पूर्वी सावंतवाडीकरांचा. डिचोली १७८१ च्या सुमारास व पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. तिकडच्या कर्तबगार तरुणांना तेव्हा उत्तरेतली शिंद्यांची फौज खुणावीत असे. केरीचे जिवबादादा महादजींचे बक्षी झाले. लखबादादा लाडांनी १८०० साली मालपुऱ्याला जयपूरकरांचा पराभव केला. पण दरबारच्या कलहात त्यांनी महादजींच्या विधवांची बाजू घेतली आणि धन्याची मर्जी गमावली. पुढे १८०३ साली असई व लासवारीच्या लढायांत शिंद्यांची कवायती फौज मोडली आणि ती वाटच खुंटली.

त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी, १८२२ च्या आसपास, पेडणे महालातल्याच मांद्रे गावी रामकृष्ण विठ्ठल लाड यांचा जन्म झाला. पुढे डॉ. भाऊ दाजी म्हणून नावाजले ते हेच. वडील पोटासाठी मुंबईस आले. ते मातीच्या बाहुल्या करून विकीत, असे सांगतात. लहानग्या भाऊंचे बुद्धिबळ पाहून गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांनी त्यांना इंग्रजी शिकवण्याचा सल्ला दिला, अशीही आख्यायिका आहे.

कंपनीच्या फौजेत हिंदी माणसाला सुभेदार-मेजरच्या वर चढता येत नसे. विद्येचे दार तेवढे नव्याने उघडत होते. एल्फिन्स्टनमध्ये शिकून भाऊ तेथेच शिक्षक झाले. पगार होता, मान होता. तरीही १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघताच ते शिक्षकाची खुर्ची सोडून पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसले. १८५१ साली तेथून जे पहिले आठ पदवीधर बाहेर पडले, त्यांत ते होते.

माझे वडील दरबारी गवई. उतारवयातही एखादी अनवट चीज घ्यायची झाली, तर ते दुसऱ्या घराण्याच्या बुजुर्गासमोर खाली बसत. त्यामुळे भाऊंचे हे पुन्हा विद्यार्थी होणे मला फार मोठे वाटते.

मिळवलेली विद्या त्यांनी कोंडून ठेवली नाही. धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गरिबांना मोफत औषधे दिली. कुष्ठरोगावर कडू कवठीच्या तेलाचे प्रयोग केले. अजिंठ्याचे शिलालेख वाचले. १८६९ व १८७१ साली ते मुंबईचे शेरीफ झाले. ३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईच्या राणीच्या बागेतील संग्रहालयाला १९७५ पासून त्यांचे नाव आहे.

मुलगा निमूटपणे ऐकत होता. लखबादादांना जे दार उघडे मिळाले, ते भाऊंच्या वेळी बंद होते. याच्यापुढे मात्र आज दोन्ही उघडी आहेत. फौजेतही पहिली वर्षे शिकाऊच राहावे लागते. तेव्हा कोणत्या दाराशी आपण मन लावून शागिर्दी करू, एवढेच त्याने स्वतःला विचारावे, असे मी सुचवले. विचार करून सांगतो म्हणाला आणि तबल्याला गवसणी घालून घरी गेला.