घरात समुद्र नांदवणारा निसर्गपंडित : फिलिप हेन्री गॉस

कोपरगाव, प्रतिनिधी

कोपरगाव आणि समुद्र यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे. गोदाकाठच्या या तालुक्याचे आयुष्य गोड्या पाण्याभोवती फिरते. नांदूरमधमेश्वरहून निघालेल्या कालव्यांना पाणी कधी सुटणार, आवर्तन किती दिवसांचे असणार, हा येथील शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातला विषय. अशा गावात कुणी घरातील काचेच्या पेटीत खारे पाणी भरून त्यात समुद्रपुष्प जगवू म्हटले, तर ऐकणाऱ्याला ती चैन वाटेल. परंतु समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसाच्या दिवाणखान्यातही समुद्राचा एक तुकडा जिवंत राहू शकतो, हा विश्वास सामान्य जनांत रुजवला तो एकोणिसाव्या शतकातील एका इंग्रज निसर्गपंडिताने. त्यांचे नाव फिलिप हेन्री गॉस. मत्स्यालयासाठी जगभर रूढ झालेला अ‍ॅक्वेरियम हा शब्द त्यांच्याच लेखणीमुळे घरोघरी पोहोचला. हा विश्वास रुजवण्याची किंमत काय पडली, हेही त्यांना आयुष्याच्या उत्तरार्धात पाहावे लागले.

आत्याने दाखवलेले फूल

गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वूस्टर येथे झाला. वडील थॉमस हे लघुचित्रे रंगवणारे फिरस्ते चित्रकार होते. घरची स्थिती बेताचीच. कुटुंब दक्षिण किनाऱ्यावरील पूल या बंदरगावी स्थायिक झाले आणि लहानग्या फिलिपला समुद्राची ओळख तेथेच झाली. त्यांची आत्या सुसान बेल यांना निसर्गाची आवड होती. खडकाला चिकटलेले समुद्रपुष्प हे फूल नसून प्राणी आहे आणि ते भांड्यात समुद्राचे पाणी घेऊन पाहता येते, हे या आत्याने भाच्याला सांगितले.

समुद्रपुष्प म्हणजे इंग्रजीतील सी अ‍ॅनिमोनी. खडकाला बुडाने घट्ट धरून बसणारा, मऊ शरीराचा हा जीव. तोंडाभोवती पाकळ्यांसारखी स्पर्शके असतात आणि त्यांतील सूक्ष्म दंशपेशींनी तो भक्ष्य पकडतो. ओहोटीच्या वेळी आपल्या कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरही तो दिसतो. भरती आली की उमलतो, पाणी ओसरले की मिटतो.

देशोदेशी भटकंती

पोटासाठी गॉस यांना लवकरच घर सोडावे लागले. १८२७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ते न्यूफाउंडलंडमधील कार्बोनिअर येथे एका व्यापारी पेढीत कारकून म्हणून गेले. हिशेबाच्या वह्या सांभाळताना ते किड्या-फुलपाखरांची चित्रे काढीत. १८३५ मध्ये त्यांनी कॅनडात शेती करून पाहिली. ती फसली. १८३८ मध्ये अमेरिकेतील अलाबामा येथे मळेवाल्यांच्या मुलांना शिकवण्याचे काम धरले. तेथील गुलामगिरी पाहून त्यांचे मन अस्वस्थ झाले. १८३९ मध्ये ते मायदेशी परतले, तेव्हा गाठीशी पैसा नव्हता. होते ते निरीक्षणांचे टिपण. त्यातून ‘द कॅनेडियन नॅचरलिस्ट’ हे पुस्तक १८४० मध्ये निघाले आणि निसर्गलेखक म्हणून त्यांचा जन्म झाला.

१८४४ ते १८४६ या काळात जमैकात राहून त्यांनी पक्ष्यांचा अभ्यास केला. १८४८ मध्ये एमिली बोझ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एमिली स्वतः लेखिका होत्या आणि पतीप्रमाणेच अत्यंत धर्मनिष्ठ. १८४९ मध्ये पुत्र एडमंड जन्मला. त्या दिवशीच्या रोजनिशीत गॉस यांनी मुलाच्या जन्माच्या नोंदीला लागूनच जमैकाहून एक पाकोळी आल्याचीही नोंद केली. या माणसाचे मन कोठे गुंतलेले असे, हे त्यावरून कळते.

प्रश्न पाण्याचा

समुद्रजीव घरी आणणे कठीण नव्हते. कठीण होते ते त्यांना जगवणे. भांड्यातील पाणी दोन दिवसांत नासे आणि प्राणी मरत. यावर त्या काळी एकच उपाय ठाऊक होता : पाणी बदलत राहणे.

त्याचे सर्वांत विलक्षण उदाहरण एडिंबरा येथील सर जॉन ग्रॅहम डालियेल यांचे. पेशाने वकील आणि लहानपणीच्या अपघाताने पायाने अधू असलेल्या या गृहस्थांनी १८२८ मध्ये नॉर्थ बेरिक येथील किनाऱ्यावरून एक समुद्रपुष्प आणले आणि काचेच्या साध्या बरणीत ठेवले. बरणीतील पाणी नियमाने बदलले जाई. त्यासाठी एक हमाल आठवड्यातून दोन-तीन वेळा समुद्राचे ताजे पाणी घरी आणून देत असे. १८५१ मध्ये डालियेल वारले. समुद्रपुष्प मात्र जगले. ते एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे सोपवले गेले, प्रत्येकाने पाणी बदलण्याचा शिरस्ता पाळला आणि आजी या अर्थाच्या ग्रॅनी या नावाने ते प्रसिद्ध झाले. १८८७ च्या ऑगस्टमध्ये ग्रॅनी मेली, तेव्हा तिला किनाऱ्यावरून आणून ५९ वर्षे झाली होती.

लंडनमध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्की येथून जिवंत प्रवाळ आणले. रोज नवे पाणी मिळणे शक्य नव्हते, म्हणून त्यांच्या घरची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे. त्यामुळे पाण्यात हवा मिसळे आणि जीव तगत. पुढे त्यांनी पाण्यात समुद्रवनस्पतीही ठेवल्या.

१८५० च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी या अनुभवाला शास्त्राची बैठक दिली. उजेडात वनस्पती प्राणवायू सोडतात, प्राणी तो घेतात. दोहोंचे प्रमाण साधले तर पाणी दीर्घकाळ चांगले राहते, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले.

पिपातील पाणी, पुडीतील समुद्र

गॉस या वाटेवर आले ते आजारपणामुळे. अतिश्रमाने प्रकृती ढासळल्यावर १८५२ मध्ये ते कुटुंबासह डेव्हनच्या किनाऱ्यावर राहावयास गेले. ओहोटीच्या वेळी कमरेएवढ्या पाण्यात उतरून खडकांच्या कपारी धुंडाळणे हेच त्यांचे औषध ठरले. आणलेले जीव बरण्यांत ठेवून, शेवाळाच्या साह्याने पाणी न बदलता किती दिवस टिकते, हे ते पाहू लागले. मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जलचरांचे काचघर लोकांसाठी उघडले. त्यातील कितीतरी सागरी जीव गॉस यांनीच जमवून पाठवलेले होते. १९५१ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय हे त्याच परंपरेतले.

१८५४ मध्ये त्यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक त्यांनीच काढलेल्या रंगीत चित्रांसह प्रसिद्ध झाले आणि हातोहात खपले. त्यातील सूचना एखाद्या सुगरणीच्या पाककृतीइतक्या बारकाईच्या आहेत. समुद्राचे पाणी आणण्याचे पीप ओकच्या लाकडाचे नसावे, कारण त्यातील तुरट द्रव्य पाण्यात उतरते. मेलेला जीव तत्काळ बाहेर काढावा, नाहीतर सारे पाणी बिघडते.

तरीही समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी पाणी आणावे कोठून, हा प्रश्न उरतच होता. गॉस यांनी १८५४ मध्येच त्याचे उत्तर शोधले. समुद्राच्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण आधी झालेले होते. त्याच्या आधारे त्यांनी साडेतीन औंस, म्हणजे सुमारे शंभर ग्रॅम, खाण्याचे मीठ, पाव औंस एप्सम सॉल्ट, २०० ग्रेन मॅग्नेशियम क्लोराइड आणि ४० ग्रेन पोटॅशियम क्लोराइड सुमारे साडेचार लिटर पाण्यात विरघळवले. त्यात आधी समुद्रवनस्पती ठेवल्या आणि पाणी रुळल्यावर प्राणी सोडले. प्राणी जगले. समुद्र आता पुडीत बांधून कोठेही नेता येण्याजोगा झाला. आज मुंबई-पुण्याच्या दुकानांतून मिळणारे मत्स्यालयाचे मीठ हे या पुडीचेच सुधारलेले रूप होय.

कीर्ती आणि आघात

काचेवरील कर १८४५ मध्ये उठला होता, रेल्वेने किनारा जवळ आणला होता. त्यात गॉस यांच्या पुस्तकाची भर पडली आणि इंग्लंडच्या मध्यमवर्गात सागरी पेटीचे वेड पसरले. ओल्या शेवाळात गुंडाळलेली समुद्रपुष्पे रेल्वेने लंडनला येऊ लागली. १८५६ मध्ये गॉस यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले.

त्याच वर्षी एमिली यांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. फेब्रुवारी १८५७ मध्ये त्या गेल्या. सात वर्षांच्या एडमंडला घेऊन गॉस कायमचे सेंट मेरीचर्च येथे किनाऱ्यालगत राहावयास आले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी ‘ऑम्फलोस’ हे पुस्तक काढले. पृथ्वी निर्माण झाली तीच पुरातनत्वाच्या खुणांसह, म्हणून जीवाश्मांवरून तिचे वय ठरवता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. धर्म आणि भूशास्त्र यांचा मेळ घालण्याचा तो प्रयत्न दोन्ही पक्षांनी नाकारला. डार्विन यांचा उत्क्रांतीवरील ग्रंथ १८५९ मध्ये आल्यावर तर काळ त्यांना मागे टाकून पुढे गेला.

पत्नी गेली, विद्वानांत उपहास झाला. अशा काळात गॉस पुन्हा समुद्रपुष्पांकडे वळले. १८५८ ते १८६० या काळात भागाभागाने निघालेला ‘अ‍ॅक्टिनोलॉजिया ब्रिटानिका’ हा ब्रिटनच्या समुद्रपुष्पांवरील ग्रंथ पुढे दीर्घकाळ आधारभूत मानला गेला. ज्यांचा सिद्धांत टिकला नाही त्यांचे निरीक्षण टिकले. १८६० मध्ये एलायझा ब्राइटवेन यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला आणि घराला पुन्हा स्वस्थता लाभली.

ओका झालेला किनारा

मात्र एक सल त्यांच्या मनात राहिला. ज्या खडकांतील डबक्यांची वर्णने वाचून लोक किनाऱ्यावर धावले, त्यांनी ती डबकी ओरबाडून रिकामी केली. हौशी मंडळी आणि विक्रेते टोपल्या भरभरून जीव नेत. त्यांतील बहुतेक घरच्या पेटीत थोड्याच दिवसांत मरत आणि मग नवे आणले जात. एडमंड गॉस यांनी १९०७ मध्ये लिहिलेल्या ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात वडिलांची ही खंत नोंदवली आहे. सर्वांना दाखवण्यासाठी केलेले वर्णनच त्या सौंदर्याच्या मुळावर आले होते.

उत्तरायुष्यात गॉस ऑर्किडची फुले, सूक्ष्मजीव आणि तारे यांत रमले. २३ ऑगस्ट १८८८ रोजी सेंट मेरीचर्च येथे त्यांचे निधन झाले. ग्रॅनीला जाऊन तेव्हा एक वर्ष झाले होते.

आवर्तन चुकता कामा नये

शेवाळाच्या जोरावर पाणी न बदलता पेटी चालावी, हे गॉस यांचे स्वप्न होते. ते अर्धेच खरे ठरले. प्राण्यांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे नायट्रेट पेटीत साचत जाते आणि समुद्रपुष्पासारख्या नाजूक जीवाला बाधते. म्हणून आजचे जाणकार दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला पेटीतील साधारण दहा ते वीस टक्के पाणी काढून तितकेच नवे घालतात. सगळे पाणी एकदम बदलत नाहीत. त्या धक्क्याने जीव दगावतो.

नवे पाणी आयत्या वेळी करावयाचे नसते. बोअरच्या जड पाण्यात आधीच क्षार असतात आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन, म्हणून आरओचे शुद्ध पाणी घ्यावे. स्वच्छ प्लास्टिकच्या बादलीत लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मत्स्यालयाचे मीठ विरघळवून छोट्या पंपाने ते एक दिवस फिरवत ठेवावे. क्षारता आणि तापमान पेटीइतके झाल्यावरच पाणी हळूहळू घालावे. तांब्या-पितळेचे भांडे मुळीच वापरू नये. तांब्याचा अंशही या जीवांना घातक असतो. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होऊन पातळी उतरली, तर तेवढे गोडे पाणीच घालावे. मीठ उडून जात नाही, ते मागे राहते. हा नियम गॉस यांच्या काळातही ठाऊक होता. आणि नवी पेटी निदान सहा महिने मुरल्याखेरीज तिच्यात समुद्रपुष्प आणू नये.

समुद्रपुष्प तक्रार करीत नाही. पाणी बिघडले की मिटते, आक्रसते आणि एके दिवशी पेटीतील सर्वांना घेऊन जाते. चांगले पाणी मिळाले तर ते पाळणाऱ्याच्याही मागे उरते, हे ग्रॅनीने दाखवून दिले. ज्याला हे काम वर्षानुवर्षे जमणार नाही, त्याने ते किनाऱ्यावरच ओहोटीला जाऊन पाहावे आणि तेथेच राहू द्यावे. गॉस यांच्या वाचकांना हे उमगले असते, तर डेव्हनचे किनारे ओके झाले नसते. आवर्तन चुकले की उभे पीक डोळ्यांदेखत जाते, हे कोपरगावकरांना कुणी सांगावयास नको. काचेच्या पेटीतील शेतीलाही तोच नियम लागू आहे.