संत यारेद

इथिओपियाच्या उत्तरेला अक्सुम हे प्राचीन नगर आहे. परंपरेनुसार इ. स. ५०५ मध्ये यारेदचा जन्म तेथे झाला. वडील लवकर वारल्यामुळे तो गेदेओन या विद्वान नातलगाकडे शिकायला राहिला. पण पाठांतर काही केल्या जमेना. शिक्षेला कंटाळून पोर एके दिवशी पळाले. वाटेत झाडाखाली बसले असता त्याला खोडावर चढणारा सुरवंट दिसला. तो पडे आणि पुन्हा चढे. अखेर तो वर पोहोचला. यारेद उठला व गुरूकडे परतला.

पुढे त्यानेच चर्चच्या वर्षभराच्या उपासनेची गीते रचली. गीझ, एझल आणि अराराय या तीन गानपद्धती त्याच्याच मानल्या जातात. त्याचे गाणे ऐकताना राजा गेब्रे मेस्केल एवढा तल्लीन झाला, की त्याचा भाला यारेदच्या पायात रुतला. दोघांनाही कळले नाही, असे सांगतात. राजाने बक्षीस देऊ केले, तेव्हा यारेदने सेमिएन पर्वतातला एकांत मागितला. तेथेच त्याचा शेवट झाला.

ढोल, खुळखुळे व काठ्यांच्या ठेक्यावर ती गीते आजही गायली जातात. आदिस अबाबाच्या संगीत विद्यालयाला त्याचेच नाव आहे.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझ्याबरोबरची कितीतरी पोरे माराच्या भीतीने शाळेतून पळाली, ती परत फिरलीच नाहीत. म्हणून मला सुरवंटाइतकेच गेदेओनही मोठे वाटतात. परत आलेल्या पोराला त्यांनी पुन्हा शिकवायला घेतले.